परदेशात माल पाठवताय? आधी पॅकिंगवरच्या खुणा समजून घ्या

"ताई, फ्रान्सचा बायर म्हणतोय पाकिटावर तीन बाणवाला माणूस छापा, तो माणूस मी कुठून आणू?" असा फोन मला मध्यंतरी कणकवलीहून आला, त्याच्या आधी गुहागरहून जवळजवळ तोच प्रश्न, आणि त्याच्याही आधी आमच्याच वाडीतला एक मुलगा मेलवर आलेली इटालियन चिठ्ठी घेऊन दारात उभा. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

मी वेंगुर्ल्याजवळ माझ्या जावेबरोबर काजू आणि कोकमाचं छोटं युनिट चालवते. हे लिहितेय ते आपल्यासारख्यांसाठीच, म्हणजे आंबापोळी, आगळ, काजू, तळलेले गरे, मालवणी मसाला असं काहीतरी बनवणारे आणि पहिल्यांदाच बाहेर माल पाठवणारे. आणि एक गोष्ट आधीच क्लिअर करते, इथे आपण खाद्यपदार्थाच्या लेबलबद्दल बोलत नाही आहोत. घटक, एक्सपायरी, एफएसएसएआय नंबर, अ‍ॅलर्जी ते सगळं वेगळं. हे आहे पाकिटाबद्दल, बाटलीबद्दल, खोक्याबद्दल, म्हणजे ते कशाचं बनलंय आणि आतलं खाऊन झाल्यावर तिकडच्या माणसाने ते कुठल्या डब्यात टाकायचं.

आधी ठरवा, माल देशात आत कोण नेतंय

हे सगळ्यात पहिलं, कारण जबाबदारी कोणाची ते यावर ठरतं. तिकडचा इम्पोर्टर जर आपल्याकडून माल घेऊन स्वतःच्या नावावर आत नेत असेल तर बहुतेक ठिकाणी नोंदणी, फी भरणं वगैरे त्याचं काम. पण म्हणून आपण सुटलो असं समजू नका, कारण तो आपल्याकडेच मागणार की बाबा पाकीट कशाचं, वजन किती, आणि ही ही खूण छापून पाठव, ते दिलं नाही तर ऑर्डर दुसऱ्याकडे.

दुसरा रस्ता म्हणजे थेट विक्री. वेबसाइटवर किंवा इन्स्टावर ऑर्डर आली, आपण कुरिअरने नाहीतर पोस्टाच्या डाक निर्यात केंद्रातून पार्सल टाकलं, तिकडच्या माणसाने घरी उघडलं. यात मध्ये इम्पोर्टर कोणी नाहीच, त्यामुळे त्या देशाच्या दृष्टीने पॅकिंग बाजारात आणणारे आपणच. जर्मनीत याचं फार कडक आहे. तिकडे ल्युसिड नावाचं सरकारी रजिस्टर आहे, त्यात नाव घालायला पैसे लागत नाहीत, पण ते केल्याशिवाय माल विकताच येत नाही आणि त्याच्या पुढे जाऊन कचरा गोळा करणाऱ्या एखाद्या सिस्टीमला वजनाप्रमाणे फी भरावी लागते. १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन मार्केटप्लेसनाही विक्रेत्याची ही नोंदणी तपासायची सक्ती आहे, नंबर नसेल तर लिस्टिंग बंद. दंड २ लाख युरोपर्यंत जाऊ शकतो. चार पार्सलांसाठी कोण बघतं असं म्हणणारे मला भेटलेत, माझं म्हणणं एवढंच की चार पार्सलांसाठी तो धोका घेऊच नका, सुरुवातीला इम्पोर्टरमार्फतच जा.

मग सगळं टेबलावर मांडा

डिझायनरकडे जायच्या आधी हे करायचंच. एक तयार नग घ्या आणि त्याचा एकूण एक तुकडा सुटा करून मांडा. आमच्या आगळाच्या बाटलीचं केलं तेव्हा बाटली, झाकण, झाकणाच्या आतली चकती, मानेवरची श्रिंक स्लीव्ह, लेबल, बाहेरचा छोटा खोका, त्यात बबल रॅप, मग मोठा मास्टर कार्टन आणि त्यावरची टेप, एवढं निघालं. आम्हाला वाटलं होतं दोनच गोष्टी आहेत, बाटली आणि खोका.

आता प्रत्येक तुकडा कशाचा ते ओळखायचं. खरा रस्ता म्हणजे सप्लायरकडून लेखी स्पेसिफिकेशन शीट मागायची, कुठली फिल्म, किती मायक्रॉन, किती लेअर. काही सप्लायर "प्लास्टिक आहे हो" एवढंच सांगतात, त्यांना सोडू नका, मेलवर लेखी घ्या. तोपर्यंत घरच्या घरी अंदाज घ्यायला काही सोप्या युक्त्या आहेत. प्लास्टिकचा छोटा तुकडा पाण्यात बुडवून सोडा, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि पीई म्हणजे पॉलिथिन हे वर येऊन तरंगतात, पीईटी आणि पीव्हीसी तळाला जातात. चकचकीत पाऊच मुठीत चुरगळा, चुरगळलेलाच राहिला तर आत खरी अ‍ॅल्युमिनियम फॉइल असायची शक्यता जास्त, आणि उसळून परत उलगडला तर बहुधा नुसती मेटलाइज्ड फिल्म, म्हणजे धातूचा अगदी पातळ थर दिलेलं प्लास्टिक. "कागदी" पाकीट फाडून बघा, कडेला पातळ पापुद्रा ताणला जात असेल तर आतून प्लास्टिकचं लॅमिनेशन आहे, मग ते कागद म्हणून चालत नाही. हा शेवटचा प्रकार आपल्याकडे फार आहे. ब्राऊन क्राफ्ट पेपरचे खिडकीवाले पाऊच सगळ्यांना आवडतात, दिसायला गावठी आणि नैसर्गिक, पण तिकडच्या नियमात ते कागद अधिक प्लास्टिक असं मिश्र मटेरियल ठरतं आणि रिसायकलिंगला सगळ्यात कटकटीचं तेच. मला स्वतःला ते पाऊच बंद झालेले आवडतील.

वजनही करा. एक नग वजनात येत नसेल तर दहा नग सोनाराच्या काट्यावर ठेवून दहाने भागा. झाकण इतके ग्रॅम, स्लीव्ह इतके ग्रॅम, सगळं एका एक्सेलमध्ये. बहुतेक देशांतली फी ग्रॅमवर आणि मटेरियलवर बसते, त्यामुळे हीच शीट तुम्हाला जर्मनीला लागणार, फ्रान्सला लागणार, सगळीकडे लागणार.

आता कोड

युरोपात १९९७ च्या एका निर्णयाने प्रत्येक मटेरियलला एक आकडा आणि रोमन अक्षरांचं छोटं नाव दिलेलं आहे. प्लास्टिकचे १ ते ६ आपल्याला माहीत असतात, १ म्हणजे पीईटी, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पीपी, ६ पीएस. पण बाकीचेही आहेत, नालीदार पुठ्ठा म्हणजे कोरुगेटेड बॉक्स पीएपी २०, साधा पुठ्ठा पीएपी २१, कागद पीएपी २२, पत्र्याचा डबा एफई ४०, अ‍ॅल्युमिनियम एएलयू ४१, लाकूड एफओआर ५०, सुती कापड टीईएक्स ६०, ताग टीईएक्स ६१, पांढरी काच जीएल ७०, हिरवी ७१, ब्राऊन ७२. आमरसाचा टिन पाठवणाऱ्यांना एफई ४०, तागाच्या छोट्या थैलीत काजू देणाऱ्यांना ६१, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

मिश्र मटेरियलला पुढे सी आणि तिरकी रेघ, मग वजनाने जे जास्त त्याचं नाव. कागद अधिक प्लास्टिक असेल आणि कागद जास्त असेल तर सी/पीएपी ८१. प्लास्टिक अधिक अ‍ॅल्युमिनियमचा पाऊच असेल तर आकडा ९०, आणि समोर ज्या प्लास्टिकचं वजन जास्त ते, उदाहरणार्थ सी/एलडीपीई ९०. म्हणून वजन करा म्हणून मागे लागले.

इथेच एक गैरसमज मोडून काढायला हवा. बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा, हे बघून आपल्याला वाटतं की हे रिसायकल होतं. तसं नाहीये. तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, अमेरिकेत १९८८ मध्ये ही पद्धत सुरू झाली ती प्लास्टिक वेगळं करणाऱ्यांच्या सोयीसाठी, आणि लोक फसतात म्हणून २०१३ मध्ये तिथल्या स्टँडर्डमध्ये बाणांच्या जागी साधा भरीव त्रिकोण आणला. आपल्याकडचे प्रिंटर मात्र अजूनही प्रत्येक आर्टवर्कमध्ये सवयीने बाणवाला त्रिकोण टाकून देतात. कॅलिफोर्नियाला माल जाणार असेल तर हे आता महागात पडेल, कारण तिथल्या कायद्याप्रमाणे ४ ऑक्टोबर २०२६ नंतर बनलेल्या मालावर, ती वस्तू तिथे खरोखर रिसायकल होत असल्याचे निकष पूर्ण केल्याशिवाय बाणांचं चिन्ह वापरता येत नाही. तसंच ते हिरवट दोन बाणांचं गोल चिन्ह, ग्रीन डॉट, ते तर रजिस्टर्ड ट्रेडमार्क आहे, कचरा व्यवस्थेला पैसे भरल्याची ती खूण, छान दिसतं म्हणून गूगलवरून उचलून लावायचं चिन्ह ते नव्हे.

देशाप्रमाणे काय काय

इटली सगळ्यात स्पष्ट आहे म्हणून तिथून सुरुवात करा. १ जानेवारी २०२३ पासून तिकडे प्रत्येक पॅकिंगवर मटेरियलचा कोड लागतो, आणि जे पॅकिंग शेवटी घरच्या ग्राहकाच्या हातात जातं त्यावर कुठल्या कचऱ्यात टाकायचं ते इटालियनमध्ये. म्हणजे खोक्याला पीएपी २१ आणि "राक्कोल्ता कार्ता" (कागदाच्या कचऱ्यात), बाटलीला जीएल ७० आणि "राक्कोल्ता वेत्रो" (काचेच्या कचऱ्यात). हाताने सुटे होणारे भाग वेगवेगळे दाखवायचे, बाटली वेगळी, झाकण वेगळं. चांगली गोष्ट ही की इटलीत हे क्यूआर कोडने दिलं तरी चालतं, छोट्या पाकिटावर जागा नसते तेव्हा जीव भांड्यात पडतो. मास्टर कार्टन, जो फक्त दुकानदारापर्यंत जातो, त्याला नुसता कोड पुरतो.

फ्रान्समध्ये तो तीन बाणवाला माणूस, त्याचं नाव ट्रिमन. नुसता माणूस पुरत नाही, त्याच्या शेजारी प्रत्येक भागाचं छोटं चित्र आणि तो कुठे टाकायचा ते, याला इन्फो-ट्री म्हणतात. हे घरगुती पॅकिंगला लागतं. काचेच्या पेयाच्या बाटल्यांना सूट आहे पण लोणच्याच्या काचेच्या बरणीला नाही, त्यामुळे "काचेला लागत नाही" असं कोणी सांगितलं तर अर्धंच खरं समजा. आणि अगदी चिमुकलं पॅकिंग सोडलं तर फक्त क्यूआर इथे चालत नाही, छापावंच लागतं. ही चित्रं स्वतः काढू नका, इम्पोर्टर ज्या संस्थेकडे नोंदलेला असतो, उदाहरणार्थ सितेओ, तिच्याकडून त्याला तयार फाइल मिळतात, त्याच्याकडून मागून घ्या.

जर्मनीत मटेरियल कोड छापायची सक्ती नाही, तिकडे सगळा भर त्या ल्युसिडवर. स्पेनने १ जानेवारी २०२५ पासून घरगुती पॅकिंगवर कुठला डबा ते दाखवणं सक्तीचं केलंय, प्लास्टिक आणि धातू पिवळा, कागद निळा, काच हिरवा.

गल्फचा विषय आपल्याकडे महत्त्वाचा कारण आपला आंबा तिकडे भरपूर जातो. तिथे उलटीच गंमत आहे. सौदीने बऱ्याच प्लास्टिक वस्तूंना ऑक्सो-बायोडिग्रेडेबल, म्हणजे हवेत आपोआप तुटत जाईल असं मिश्रण घातलेलं, असण्याची अट घातली, आणि युरोपियन युनियनने त्याच ऑक्सो प्रकारच्या प्लास्टिकवर जुलै २०२१ पासून बंदी घातली, कारण ते विरघळत नाही, नुसते बारीक तुकडे होऊन राहतात. म्हणजे एकच पिशवी करून दोन्हीकडे पाठवू म्हणाल तर अडकाल. गल्फच्या बायरकडून त्या वर्षीची अट लेखी मागा, गेल्या वर्षीची चालवू नका.

हिरवं पान आणि "इको-फ्रेंडली"

हे मी मुद्दाम वेगळं काढतेय कारण आमचं नुकसान इथेच झालं. फ्रान्सच्या आमच्या पहिल्या ऑर्डरला तीन हजार पाऊच छापले होते, कोपऱ्यात हिरवं पान आणि इंग्रजीत शंभर टक्के इको-फ्रेंडली, बायोडिग्रेडेबल. पाऊच विकणाऱ्याने सांगितलं होतं तसं, आम्ही विश्वास ठेवला, लेखी काहीच घेतलं नव्हतं. माल निघायच्या चार दिवस आधी बायरने फोटो बघून कळवलं की हे शब्द असलेला एकही नग मी उचलणार नाही. मग मी, जाऊबाई आणि शेजारच्या तिघी, दोन रात्री बसून तीन हजार पाऊचवर स्टिकर चिकटवले. पाऊचचा रिपोर्ट मागितला तेव्हा कळलं की तो साधा मिश्र प्लास्टिकचाच होता.

फ्रान्सच्या २०२० च्या कायद्यातच पॅकिंगवर "बायोडिग्रेडेबल", "पर्यावरणाला पूरक" असे शब्द लिहायला मनाई आहे. आणि २७ सप्टेंबर २०२६ पासून सगळ्या युरोपियन युनियनमध्ये असे मोघम दावे पुराव्याशिवाय करणं बेकायदेशीर धंदा मानलं जाणार आहे. मग काय लिहायचं? जे मोजता येतं आणि सिद्ध करता येतं तेवढंच. "या खोक्यात इतके टक्के रिसायकल केलेला कागद" हे चालेल, कागद गिरणीचं सर्टिफिकेट हातात असेल तर. "कंपोस्टेबल" लिहायचं असेल तर युरोपला ईएन १३४३२ प्रमाणे तपासणी झालेली असावी, आपल्या भारतीय स्टँडर्डचा नंबर आयएस १७०८८ आहे, आणि त्यातही ते कारखान्याच्या कंपोस्टमध्ये कुजतं की घरच्या, हे वेगळं. आपल्या परसातल्या खड्ड्यात टाकून बघितलं, कुजलं, हा पुरावा धरत नाहीत.

पुढे काय बदलतंय, म्हणजे किती छापायचं

युरोपियन युनियनचा नवा पॅकेजिंग कायदा, नियम क्रमांक २०२५/४०, ११ फेब्रुवारी २०२५ ला लागू झाला आणि त्याची बहुतेक कलमं १२ ऑगस्ट २०२६ पासून चालू होतात. तेव्हापासून पॅकिंगसाठी कागदपत्रं लागणार, शिसं, कॅडमियम, पारा आणि सहा-संयुजी क्रोमियम मिळून एका किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर नको, आणि खाण्याला लागणाऱ्या पॅकिंगमध्ये पीएफएएस नावाच्या केमिकलवर मर्यादा. तेल लागू नये म्हणून कोटिंग केलेले कागद वापरत असाल, गऱ्यांना किंवा काजूला, तर हा पीएफएएसचा प्रश्न सप्लायरला आत्ताच विचारा.

लेबलच्या बाबतीत मोठा बदल १२ ऑगस्ट २०२८ च्या सुमाराला, तेव्हा सत्तावीस देशांना मिळून एकच ठरलेली चित्रं येणार, त्यांचं डिझाइन आलं की तारीख नक्की होईल. तोपर्यंत इटलीचं वेगळं, फ्रान्सचं वेगळं चालू राहणार.

आंबावाल्यांनी दोन गोष्टी टिपून ठेवा. फळावर चिकटवतो तो छोटा स्टिकर, तो १२ फेब्रुवारी २०२८ पासून युरोपात कंपोस्ट होणारा असावा लागेल. आणि २०३० पासून दीड किलोच्या आतल्या ताज्या फळांना एकदाच वापरायचं प्लास्टिक पॅकिंग बंद, काही अपवाद सोडून. म्हणजे प्लास्टिकच्या ट्रेवर आत्ता कोणी तुम्हाला साच्यासाठी मोठा खर्च करायला सांगत असेल तर थांबा.

यावरून छपाईचं गणित येतं. पाऊचची छपाई रोटोवर, म्हणजे मोठ्या सिलिंडरच्या मशीनवर, करायची तर प्रत्येक रंगाला एक सिलिंडर, आणि मग प्रिंटर म्हणणार कमीत कमी इतके किलो घ्या. ते घेतले की दोन वर्षं तेच पाऊच संपवत बसायचं, आणि नियम तर बदलतोय. मी सांगेन, एक्सपोर्टला साधा पाऊच, समोर ब्रँडचं एक स्टिकर आणि मागे देशाप्रमाणे दुसरं स्टिकर. दिसायला थोडं साधं होतं पण दोनशे नगांचीही ऑर्डर घेता येते. मागच्या बाजूला कमीत कमी चार बाय पाच सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा, नंतर काही वाढलं तर तिथे बसतं.

पॅलेट आणि पेटी

२०१४ साली फळमाशीमुळे युरोपियन युनियनने आपल्या आंब्यावर बंदी घातली, ती जानेवारी २०१५ मध्ये उठली, ते दिवस इथे कोणी विसरलेलं नाही. कीड मालातूनच जाते असं नाही, लाकडातूनही जाते, म्हणून लाकडी पेटी आणि पॅलेटवर आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाची खूण लागते, गव्हाच्या ओंबीचं चित्र, आयएन हा आपला देश कोड, प्रक्रिया करणाऱ्याचा नंबर आणि एचटी म्हणजे उष्णता. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस सलग ३० मिनिटं, असा तो नियम. खूण भाजून किंवा स्टेन्सिलने पक्की मारलेली असते, चिकटवलेली नाही. प्लायवूडला किंवा ६ मिलिमीटरच्या आतल्या पातळ फळीला लागत नाही. जुनं पॅलेट दुरुस्त करताना त्यात साधी फळी ठोकली की आधीची खूण बाद. आणि आपल्या पेटीतला भाताचा पेंढा, तो मुंबईपर्यंत ठीक, ऑस्ट्रेलियासारखे देश त्याला आत घेतच नाहीत.

आपल्या इथलं

बाहेरचं बघताना घरचं विसरू नका. प्लास्टिक पाऊच ज्याच्याकडून घेता त्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ईपीआर (पॅकिंगच्या कचऱ्याची उत्पादकावरची जबाबदारी) पोर्टलवर नोंदणी आहे का ते बघा आणि नंबर बिलावर लिहून घ्या. १ जुलै २०२५ पासून प्लास्टिक पॅकिंगची माहिती बारकोड, क्यूआर किंवा ठरलेल्या नंबरमधून द्यायची सोयही नियमात आलीय. आयातनिर्यात कोड, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी या गोष्टी बहुतेकांनी केलेल्या असतात, त्यावर मी इथे वेळ घालवत नाही.

आणि छपाईला ओके द्यायच्या आधी हे करा, आम्ही दर वेळी करतो. आर्टवर्क खऱ्या साइजमध्ये कागदावर प्रिंट काढून नगावर चिकटवा, चिन्हं चष्म्याशिवाय वाचता येतायत का बघा, मग फोटो काढून बायरला पाठवा आणि "हे चालेल" असं त्याच्याकडून मेलवर घ्या, फोनवर नको. इटालियन किंवा फ्रेंच शब्द स्वतः भाषांतर करून टाकू नका, त्याच्याकडूनच टाइप करून मागवा. शेवटी दहा नग जुलैमध्ये पडवीत आठ दिवस ठेवून बघा. आपल्या पावसाळी हवेत साध्या गोंदाचं स्टिकर कडेने उचलतं आणि शाई पसरते, न्हावा शेवाहून बोटीने माल पोचेपर्यंत तर अजून आठवडे जातात, आणि तिकडे कोड वाचता आला नाही तर तो छापलाच नव्हता असंच धरतात. गोंद बदलून घ्यायला प्रिंटर का-कू करतो, पण पैसे थोडेच वाढतात, बदलून घ्याच.